‘हे तेल चालेल का?’ ऑटोमॅटिक गाडीपुढचा अवघड प्रश्न

ठाण्यात माजिवड्यापासून गायमुखपर्यंत किंवा डोंबिवलीहून कल्याण-शीळ रस्त्याने शिळफाट्यापर्यंत रोज गाडी चालवणाऱ्याला ऑटोमॅटिक गिअरचे महत्त्व पटवून द्यावे लागत नाही. पहिला, दुसरा, पुन्हा पहिला आणि डावा पाय सतत क्लचवर, या कसरतीतून ती गाडी सोडवते. गेल्या दहा-बारा वर्षांत मध्यमवर्गीयांनी अशा गाड्या हौसेने आणि गरजेने घेतल्या. त्यातल्या बऱ्याच आता वॉरंटीबाहेर गेल्या आहेत, काही दुसऱ्या किंवा तिसऱ्या मालकाच्या हाती आहेत. त्यामुळे पूर्वी फक्त अधिकृत सर्व्हिस सेंटरच्या आत सुटणारा एक प्रश्न आता गल्लीतल्या गॅरेजमध्ये विचारला जातो: ‘कंपनीचं तेल महाग आहे, मागवावं लागेल. हे दुसरं आहे, सगळ्या गाड्यांना चालतं. टाकू का?’

या प्रश्नाला सरसकट ‘हो’ म्हणणे जितके चुकीचे, तितकेच सरसकट ‘नाही’ म्हणणेही. योग्य पर्यायी तेल मिळू शकते आणि त्यात गैर काही नाही. मात्र ते निवडण्यासाठी रंग, किंमत आणि बाटलीवरचे नाव यांचा उपयोग होत नाही. उपयोग होतो तो गाडीत नेमका कोणता गिअरबॉक्स आहे आणि त्याच्या निर्मात्याने कोणते स्पेसिफिकेशन सांगितले आहे, या दोन गोष्टींचा. निवड चुकली तर वाचलेल्या काही हजारांच्या बदल्यात गिअरबॉक्स खोलण्याचा खर्च येतो आणि तो सहज लाखाच्या घरात जातो.

तेल नव्हे, यंत्राचा भाग

इंजिन ऑइलचे मुख्य काम म्हणजे घर्षण कमी करणे. ऑटोमॅटिक ट्रान्समिशन फ्लुइड, म्हणजे मेकॅनिकच्या भाषेतले ‘एटीएफ’, याचे काम वेगळे आहे. टॉर्क कन्व्हर्टर असलेल्या गिअरबॉक्समध्ये इंजिनाची ताकद चाकांकडे जाते ती या द्रवामधून. गिअर बदलणारे क्लच त्याच्याच दाबाने आवळले जातात. दातेरी चाकांना वंगण आणि संपूर्ण पेटीला थंडावा देण्याचे कामही तेच करते. सर्वांत नाजूक काम घर्षणाचे आहे. आतल्या क्लचच्या चकत्यांवर कागदासारख्या तंतूंचे अस्तर चिकटवलेले असते. या चकत्या तेलात बुडालेल्या असतानाच एकमेकींना पकडतात. पकड एकदम बसली तर गाडीला झटका बसतो, उशिरा बसली तर चकत्या घसरत राहतात आणि जळतात. ही पकड किती आणि कशी असावी, हे तेलातली घर्षण-नियंत्रक रसायने ठरवतात.

या रसायनांचा इतिहास बोलका आहे. जनरल मोटर्सने १९४०च्या मॉडेलच्या गाड्यांत हायड्रामॅटिक हा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आणला आणि १९४९मध्ये त्यासाठी ‘टाइप ए’ हे तेलाचे पहिले स्पेसिफिकेशन ठरवले. त्या काळच्या तेलांत घर्षण नियंत्रित करण्यासाठी स्पर्म व्हेल माशाच्या तेलाचा अंश वापरत. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत त्यावर बंदी आली आणि रसायनतज्ज्ञांना पर्याय शोधावा लागला. पहिल्या पर्यायी तेलांमुळे थंडावा देणाऱ्या कूलरच्या डाखकामालाच गंज चढू लागला आणि सूत्र पुन्हा बदलावे लागले. तेलातला एक घटक बदलला की परिणाम भलत्याच ठिकाणी उमटतो, हा धडा गाड्या बनवणाऱ्यांनी तेव्हाच घेतला.

एक नाव, चार यंत्रे

आपल्याकडचा गोंधळ ‘ऑटोमॅटिक’ या शब्दापासूनच सुरू होतो. या एका शब्दाखाली बाजारात किमान चार वेगळी यंत्रे विकली जातात.

पहिला प्रकार टॉर्क कन्व्हर्टरचा. एटीएफ हा शब्द खऱ्या अर्थाने त्याच्यासाठी आहे. दुसरा प्रकार सीव्हीटीचा. त्यात गिअरच नसतात. दोन पुली आणि त्यांच्यावर फिरणारा पोलादी पट्टा किंवा साखळी असते. तिथे पोलादाने पोलादाला घट्ट धरून ठेवावे लागते, म्हणून त्याच्या तेलाने झीज तर थांबवायची, पण पट्टा घसरू द्यायचा नाही. अशा पेटीत साधे एटीएफ ओतले तर पट्टा घसरून पुलीवर ओरखडे पडतात आणि ते परत भरून येत नाहीत. तिसरा प्रकार दोन क्लचच्या डीसीटीचा. त्यातही क्लच तेलात बुडालेले असणारा आणि क्लच कोरडे असणारा असे दोन उपप्रकार आहेत आणि दोघांची तेले वेगळी. चौथा प्रकार एएमटीचा. मारुती सुझुकीने २०१४मध्ये सेलेरिओमधून तो स्वस्त गाड्यांपर्यंत आणला. हा मुळात साधा मॅन्युअल गिअरबॉक्स असतो, फक्त क्लच दाबण्याचे आणि गिअर टाकण्याचे काम यंत्र करते. त्याच्या पेटीत गिअर ऑइलच लागते आणि काही गाड्यांत ते यंत्र चालवण्यासाठी वेगळे हायड्रॉलिक तेल असते. ‘गाडी ऑटोमॅटिक आहे’ एवढे ऐकून कोणी त्या पेटीत लाल एटीएफ ओतले, तर चूक पहिल्याच पायरीला झाली.

गाडीचे नाव सांगूनही भागत नाही. होंडा सिटीचेच उदाहरण पाहावे. २००८मध्ये आलेल्या पिढीतल्या ऑटोमॅटिकमध्ये पाच गतींचा टॉर्क कन्व्हर्टर प्रकार होता, तर २०१४च्या पिढीत सीव्हीटी आली. पहिल्याला एटीएफ डीडब्ल्यू-१ हे तेल लागते, दुसऱ्याला एचसीएफ-२. दोन्ही गाड्या ‘सिटी ऑटोमॅटिक’च आणि कल्याणच्या जुन्या गाड्यांच्या बाजारात दोन्ही शेजारी-शेजारी उभ्या दिसतील. दुकानात जाऊन ‘सिटी ऑटोमॅटिकचे तेल द्या’ म्हणणाऱ्याच्या हातात यातले कोणतेही पडू शकते.

हायब्रिड गाड्यांनी यात आणखी एक अट घातली आहे. काही हायब्रिड रचनांमध्ये विजेची मोटर गिअरबॉक्सच्या तेलातच काम करते. तिथे तेलाने तांब्याच्या तारांना आणि त्यांच्या आवरणाला इजा करता कामा नये आणि ते विद्युतरोधकही असले पाहिजे. अशा गाडीत ‘जवळपास तसेच’ तेल वापरून पाहण्याचा प्रयोग करूच नये.

बाटलीवर काय वाचायचे?

बाजारातल्या बहुतेक पर्यायी बाटल्यांच्या मागे गाड्यांची आणि स्पेसिफिकेशनची लांबलचक यादी असते. तिच्या वरची एक ओळ मात्र नीट वाचली जात नाही. ‘मान्यताप्राप्त’ किंवा ‘परवानाप्राप्त’ असे लिहिले असेल, तर गाडी किंवा गिअरबॉक्स बनवणाऱ्याने ते तेल तपासून संमती दिली, असा दावा तेल कंपनी करते. ‘या गाड्यांसाठी योग्य’ किंवा ‘अपेक्षा पूर्ण करते’ असे लिहिले असेल, तर तो तेल कंपनीचा स्वतःचा निर्वाळा असतो. नामांकित तेल कंपनीचा निर्वाळाही पुष्कळदा खरा ठरतो, कारण त्यामागे तिच्या चाचण्या असतात. पण या दोन वाक्यांचे वजन सारखे नाही.

डेक्सरॉन हे जनरल मोटर्सचे नाव यासाठी चांगले उदाहरण आहे. डेक्सरॉन-३ या स्पेसिफिकेशनचे सर्व परवाने २००६च्या अखेरीस कायमचे संपले. त्याची जागा डेक्सरॉन-६ने घेतली. तरीही ‘डेक्सरॉन-३’ लिहिलेली बाटली आजही दुकानात सहज मिळते. त्यातले तेल वाईट असेलच असे नाही, पण त्या दाव्यामागे आता जनरल मोटर्सची तपासणी उरलेली नाही. डेक्सरॉन-६चा परवाना असेल, तर बाटलीवर परवाना क्रमांक छापलेला असतो.

दुसरी गोष्ट दिशेची. नवे स्पेसिफिकेशन जुन्याची जागा घेऊ शकते, ती सवलत उलट्या दिशेने मिळत नाही. डेक्सरॉन-३ गटातली तेले १०० अंश सेल्सिअस तापमानाला साधारण ७ ते ७.५ सेंटिस्टोक्स इतकी दाट असत. डेक्सरॉन-६साठी ही श्यानता, म्हणजे दाटपणा, कमाल ६.४ ठेवली गेली. तेल पातळ केल्याने इंधन वाचते, पण ते टिकाऊ राहावे म्हणून मूळ तेल आणि रसायने दोन्ही सुधारावी लागली. म्हणून जनरल मोटर्सच्या जुन्या ऑटोमॅटिकमध्ये नवे तेल चालते, नव्यात जुने चालत नाही. होंडानेही आपले जुने ‘झेड-१’ तेल बंद करून त्याच्या जागी डीडब्ल्यू-१ दिले. याउलट टोयोटाची ‘टी-फोर’ आणि ‘डब्ल्यूएस’ ही दोन तेले एकमेकांच्या जागी वापरायची नसतात. प्रत्येक घराण्याचा नियम वेगळा आहे. तो अंदाजाने कळत नाही, वाचावा लागतो.

महाग ते चांगले, हा समजही २०१३मध्ये चांगलाच उघडा पडला. फोक्सवॅगनने जगभरातल्या सुमारे १६ लाख गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावल्या, कारण सात गतींच्या डीएसजी गिअरबॉक्समधल्या सिंथेटिक तेलामुळे उष्ण व दमट हवेत आणि थांबत-थांबत चालणाऱ्या वाहतुकीत विद्युत बिघाड होण्याची शक्यता दिसून आली होती. उपाय म्हणून त्यात साधे खनिज तेल भरण्यात आले. एरवी ‘सिंथेटिक’ हा शब्द दर्जाची खूण मानला जातो. तिथे मात्र तोच त्रासाचे कारण ठरला. उष्ण, दमट आणि थांबत-थांबत हे वर्णन घोडबंदर रोडलाही तंतोतंत लागू पडते.

कोंडी आणि तेलाचे आयुष्य

‘हे तेल आयुष्यभर बदलावे लागत नाही’ असे अनेक ग्राहकांना गाडी घेताना सांगितले जाते. कोणाचे आयुष्य, हे मात्र स्पष्ट होत नाही. अनेक महागड्या गाड्यांना गिअरबॉक्स पुरवणारी जर्मनीची झेडएफ कंपनी स्वतः ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटर किंवा ८ वर्षे झाली की तेल बदलण्याचा सल्ला देते. अनेक गाड्यांच्या पुस्तिकेतही ‘खडतर वापर’ नावाचा वेगळा तक्ता असतो आणि त्यात तेल लवकर बदलायला सांगितलेले असते. लांब वेळ इंजिन चालू ठेवून उभे राहणे, छोटे-छोटे फेरे, उष्णता आणि धूळ ही खडतर वापराची लक्षणे. ठाणे-कल्याण-डोंबिवलीतला रोजचा प्रवास याच तक्त्यात बसतो.

त्यामागचे विज्ञान सोपे आहे. गाडी ‘डी’मध्ये आणि पाय ब्रेकवर असताना इंजिन टॉर्क कन्व्हर्टरमधले तेल घुसळत राहते. चाके फिरत नसल्याने त्या घुसळण्याची सगळी ऊर्जा उष्णतेत जाते. गाडी उभी असल्याने रेडिएटरला पुढून वारा मिळत नाही आणि एसीच्या कंडेन्सरची उष्णता त्यात मिसळते. तेलाचे ऑक्सिडीकरण तापमानाच्या प्रत्येक १० अंश वाढीला साधारण दुप्पट वेगाने होते, असा रसायनशास्त्रातला ढोबळ नियम आहे. म्हणजे तेल नेहमीपेक्षा २० अंश जास्त तापत राहिले, तर ते चौपट वेगाने म्हातारे होते. गाडीच्या किलोमीटर-काट्यावर मात्र यातले काही दिसत नाही, कारण कोंडीत तासन्‌तास गेले तरी काटा जेमतेम हलतो.

तेल बदलताना आणखी एक हिशेब लक्षात ठेवावा लागतो. टॉर्क कन्व्हर्टरच्या पेटीतून खालचा बोल्ट काढल्यावर बाहेर येते ते बऱ्याचदा एकूण तेलाच्या निम्मेच. उरलेले कन्व्हर्टरमध्ये आणि नळ्यांत राहते. एकदा निम्मे बदलले तर ५० टक्के तेल नवे, दुसऱ्यांदा ७५ टक्के, तिसऱ्यांदा ८७.५ टक्के. पर्यायी तेल टाकायचे असेल, तर ते जुन्या तेलात मिसळणार हे गृहीत धरूनच निवडले पाहिजे. पातळीही ठरावीक तापमानालाच मोजायची असते. जास्त भरले तर तेलाला फेस येतो आणि फेसाने दाब टिकत नाही.

पावसाळ्याची भर

२६ जुलै २००५चा महापूर कल्याण-बदलापूर पट्ट्यातले लोक विसरलेले नाहीत. २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर-वांगणीदरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकली, ती उल्हास नदीच्या त्याच खोऱ्यात. सखल भागात, सोसायटीच्या तळमजल्यावरच्या पार्किंगमध्ये पाणी साचणे तर दर पावसाळ्यातले. अशा वेळी लोक इंजिनाची काळजी करतात आणि गिअरबॉक्स विसरतात. पेटीला हवा खेळती राहावी म्हणून एक बारीक छिद्र असते. पाणी त्यावर गेले की आत शिरू शकते.

लाल एटीएफ सोलकढीसारखे गुलाबी आणि दुधाळ दिसू लागले, तर आत पाणी किंवा रेडिएटरचे कूलंट गेले आहे असे समजावे. पाण्याने चकत्यांवरच्या अस्तराचा गोंद सुटतो आणि पोलादी भाग गंजतात. तेव्हा कोणते तेल टाकावे हा प्रश्न दुय्यम ठरतो. गाडी चालू न करता, चाके जमिनीला न लावता, फ्लॅटबेडवर चढवून न्यायला हवी. इंजिन बंद असताना बहुतेक ऑटोमॅटिक पेट्यांतला तेलाचा पंप फिरत नाही, त्यामुळे दोरीने ओढत नेले तर पेटी कोरडीच घासली जाते.

रंगाबद्दल एवढेच की, लाल रंग बाहेरून मिसळलेला असतो, गळती एटीएफची की इंजिन ऑइलची हे ओळखण्यासाठी. अनेक सीव्हीटी तेले हिरवी किंवा पिवळसर असतात. रंग जुळला म्हणून तेल जुळले, असे होत नाही. याच रंगाचा घरात वेगळाच धोका आहे. उरलेले लाल तेल पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत भरून ठेवले, तर लहान मूल ते सहज पिऊ शकते. अशा वेळी उलटी करवू नये, कारण तेल फुप्फुसात जाण्याची भीती असते. मुलाला बाटलीसह तातडीने रुग्णालयात न्यावे. तोंडाने नळी ओढून तेल काढण्याची गॅरेजमधली सवयही याच कारणासाठी घातक आहे. हातमोज्यांशिवाय रोज तेल हाताळणाऱ्या मुलांच्या हातांना त्वचारोग होतात, तो त्रास वेगळाच.

काढलेले तेल कुठे जाते, हाही शहराच्या आरोग्याचा प्रश्न आहे. वापरलेले तेल २०१६च्या नियमांनुसार धोकादायक कचरा आहे. १ एप्रिल २०२४पासून त्याच्या पुनर्वापराची जबाबदारी तेल बनवणाऱ्या आणि आयात करणाऱ्या कंपन्यांवर टाकण्यात आली आहे. पण गॅरेजमागच्या गटारात ओतलेले तेल कोणत्याही कंपनीच्या हिशेबात येत नाही. ते नाल्यातून वालधुनीला आणि पुढे उल्हासच्या खाडीला मिळते. या नद्यांचे प्रदूषण राष्ट्रीय हरित लवादापर्यंत गेलेले आहे.

हक्क आहे, माहिती हवी

बाहेर तेल बदलले तर वॉरंटी जाईल, ही भीती बहुतेकांना असते. भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४च्या निकालात १४ गाडी कंपन्यांना सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती खुल्या बाजाराला न दिल्याबद्दल सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. स्वतंत्र गॅरेजमध्ये काम करून घेतले एवढ्याच कारणावरून संपूर्ण वॉरंटी रद्द करण्याची सरसकट अट घालू नये, बाहेरच्या सदोष कामामुळे नुकसान झाले असेल तर तेवढ्यापुरतीच ती नाकारता येईल, अशी भूमिका आयोगाने घेतली. या निकालावर पुढे अपिले झाली. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २४ डिसेंबर २०२२ रोजी ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू केले आणि त्यात वाहन क्षेत्रही घेतले.

पण दुरुस्तीचा हक्क माहितीशिवाय अपुरा आहे. अनेक पुस्तिकांत ‘कंपनीचे अस्सल तेल वापरा’ एवढेच लिहिलेले असते. गिअरबॉक्सचा सांकेतिक क्रमांक, तेलाचे स्पेसिफिकेशन, ते किती लिटर लागते आणि कोणत्या तापमानाला मोजायचे, या चार गोष्टी प्रत्येक कंपनीने पोर्टलवर मॉडेलनिहाय आणि मराठीसह भारतीय भाषांत दिल्या, तर डोंबिवलीतला मेकॅनिक अंदाजावर काम करणार नाही आणि मालकालाही ‘अस्सल किंवा काहीच नाही’ अशा कोंडीत सापडावे लागणार नाही.

तोवर सावधगिरी मालकानेच बाळगायची. वॉरंटी शिल्लक असेल तर कंपनीने सांगितलेलेच तेल, आणि हायब्रिड किंवा सीव्हीटीला वॉरंटीनंतरही शक्यतो तेच. टॉर्क कन्व्हर्टरच्या गाडीला नामांकित कंपनीचे, स्पेसिफिकेशन नावानिशी छापलेले तेल चालू शकते. सीलबंद बाटली डोळ्यांदेखत उघडायला सांगावी, तिचा फोटो काढावा आणि बिलावर तेलाचे पूर्ण नाव व लिटर लिहून घ्यावेत. पुढे वाद झाला, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर किंवा जिल्हा ग्राहक आयोगात तोच कागद कामी येतो.

आणि गॅरेजमध्ये ‘हे सगळ्या गाड्यांना चालतं, टाकू का?’ असे विचारले गेले, तर आधी एकच गोष्ट विचारावी: ‘माझ्या गिअरबॉक्सचं स्पेसिफिकेशन या बाटलीवर कुठं लिहिलंय, ते दाखवा.’ मेकॅनिकने बोट ठेवून दाखवले तर पुढे जावे. नाही तर जुने तेल आणखी दोन दिवस पेटीत राहिल्याने फारसे बिघडत नाही.